अनुदानाच्या रांगेत एक दिवस

सकाळी 7:30
परंडा तालुक्यातलं एक गाव, नोव्हेंबर 2025. सेवा केंद्राचं शटर वर जायच्या आधीच ओट्यावर दहा-बारा माणसं बसलीत. केंद्र चालवणाऱ्या ताई इन्व्हर्टर बघतात, अंगठ्याच्या मशीनची काच मऊ फडक्याने पुसतात. सप्टेंबरात सीना नदीचं पाणी शिवारात शिरलं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन पंचनामे करून गेले. याद्या लागल्या. नावापुढे व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक. त्या नंबरावर आधारची केवायसी झाली की पैसे खात्यात. ज्यांचा फार्मर आयडी निघालाय, त्यांना ही रांग नाही. बाकीचे इथे.

8:15
पहिले चौघे पटापट उरकतात. केवायसीचे ताई काही घेत नाहीत. पावतीच्या प्रिंटचे दहा रुपये.

9:40
शेजारच्या वस्तीवरच्या मावशी. वय सत्तरीचं. "थम लागंना बघ, पोरी." उजवा अंगठा, डावा, मग एकेक बोट. जन्मभर खुरपं आणि विळा धरलेल्या हाताच्या रेषा झिजून गेल्यात. ताई त्यांना बादलीवर हात धुवायला लावतात, पुसून देतात, स्वतः बोट दाबून धरतात. मशीन नाहीच म्हणतं. आधारला जोडलेला नंबर मुलाचा जुना, तो बंद पडलाय. ओटीपीही गेला.

मावशींचं रान 60 आर. जिरायत सोयाबीन. हेक्टरी 8,500 प्रमाणे 5,100 रुपये. रब्बीसाठी वेगळे जाहीर झालेले हेक्टरी 10,000, त्याप्रमाणे 6,000. मावशी मला खर्च मोजून दाखवतात. बियाणं, खत, पेरणीचा ट्रॅक्टर, खुरपणीच्या बायकांची 300 रुपये हजेरी. पाच हजार शंभर फवारणीच्या आधीच संपतात. कापणीचा खर्च वाचला. कापायला काही राहिलंच नव्हतं.

12:30
सामायिक सातबारा. दोघा भावांतला धाकटा चाकणला कंपनीत. त्याची संमतीपत्रावर सही हवी. थोरला फोन लावतो. "रविवारी सुट्टीये, दादा, तेव्हा येतो." रविवारी तलाठी भेटायचे नाहीत. म्हणजे एक खाडा आणि पुण्याहून जाण्यायेण्याचं भाडं.

2:10
साईट बंद. ताई डबा उघडतात. दोन घास झाले की फोन. "दादा, आत्ता येऊ नका, सर्व्हर नाही. सांगते मी."

4:30
साईट चालू. मावशी अजून ओट्यावरच आहेत, आजची हजेरी बुडालीच. पुन्हा पाणी, पुन्हा फडकं, पुन्हा दहाही बोटं. नाही. परंड्यात एका केंद्रावर डोळ्याचं मशीन आहे, ताई कागदावर पत्ता लिहून देतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढा आधार.

"उद्या खुरपायला जायचंय," मावशी म्हणतात. "परवा बघते."

6:45
तीसएक जणांचं काम झालं. पाच-सहा जण तसेच परतले, त्यांत चार म्हाताऱ्या बाया. जे सगळ्यात जास्त वर्षं रानात राबले, त्यांचेच अंगठे उठत नाहीत. ही अडचण मशीनची आहे, त्यांची नाही. पंचनाम्याला तीन खात्यांची माणसं चिखल तुडवत बांधावर आली होती. डोळ्याचं एक मशीन घेऊन तशीच पुन्हा गावात या. हरभऱ्याची पेर फार तर आठवडाभर थांबेल.