जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : निवड कोणती?

ज्या काळात मोटार घेणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य जवळजवळ नव्हते, त्या काळातील मोटारींपैकी कोणती निवडावी, असा प्रश्न आज काही हौशी मंडळींपुढे उभा आहे. परवाना पद्धतीच्या दशकांत भारतीय ग्राहकासमोर अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड अशी मोजून तीन नावे होती, आणि पैसे भरूनही नंबर लागण्याची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागे. त्याच गाड्या आज गोठ्याच्या कडेला, बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे, बाभळीखाली उभ्या दिसतात. आणि निवृत्तीचा पैसा हाती आलेला एखादा शिक्षक किंवा कारकून त्यांतील एक पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनात घेतो. श्रीरामपूरसारख्या गावी ही हौस नवलाची नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. हरेगाव, टिळकनगर येथे साखर कारखाने चालले, आणि उसाच्या पैशाबरोबर मोटारही या पट्ट्यात आली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद हे रावळगावच्या साखर कारखान्याचेही संस्थापक होते, हा योगायोग येथे आठवण्यासारखा आहे.

निवड करताना बहुतेकांची पहिली चूक होते ती डोळ्यांमुळे. चित्रपटात पाहिलेली लांबलचक अमेरिकन गाडी, एखाद्या बागाईतदाराच्या वाड्यासमोर उभी राहिलेली डॉज अथवा प्लिमथ मनात घर करून बसते, आणि भंगाराच्या भावात ती मिळते आहे असे कानी आले की मोह आवरत नाही. वस्तुतः अशा व्यवहारात खरेदीची किंमत हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. पत्रा, इंजिनाचे बोअरिंग, रंग, काचा, रबरी पट्ट्या, बैठका, आणि या सर्वांसाठी लागणारा मिस्त्रीचा वेळ यांची बेरीज मूळ किमतीला कोठल्या कोठे मागे टाकते. ज्या गाडीची पुढची काच फुटली तर परदेशातून मागवावी लागेल, ती फुकट मिळाली तरी पगारदार माणसाला परवडणारी नाही.

येथे एक गमतीची गोष्ट लक्षात येते. अर्थशास्त्राच्या वर्गात परवाना पद्धतीचा मोठा दोष म्हणून जे शिकवले जाते, तेच आज जीर्णोद्धार करणाऱ्याच्या पथ्यावर पडले आहे. स्पर्धा नसल्याने कारखानदाराला मॉडेल बदलण्याची निकड नव्हती. अ‍ॅम्बॅसडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत त्याच रूपात निघत राहिली. फियाट ११०० चे डिलाइट मॉडेल साठच्या दशकाच्या मध्यावर आले, ते पुढे प्रेसिडेंट झाले, १९७४ साली पद्मिनी झाले, आणि शतक संपेपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिले. पेट्रोल इंजिन मात्र तेच १०८९ सीसीचे. ग्राहकाने तीस-चाळीस वर्षे जी एकसुरी मोटार नाइलाजाने चालवली, तिचे सुटे भाग म्हणूनच विपुल झाले आणि हजारो हात तिच्यावर तयार झाले. ज्या देशात दर तीन वर्षांनी मॉडेल बदलत होते, तेथील हौशी माणसाला हे भाग्य लाभत नाही.

या कसोटीला इतर गाड्या लावून पाहाव्यात. स्टँडर्ड हेरल्ड ही १९६१ पासून मद्रासला बनलेली देखणी गाडी; तिची चासी वेगळी आणि बॉडीचे तुकडे बोल्टने जोडलेले, त्यामुळे उघडायला सोपी. पण ती दहा वर्षांत थांबली, आणि मूळ संख्याच थोडी असल्याने तिचा एक दिवा शोधण्यात उन्हाळ्याची सुट्टी संपते. जीपचे तसे नाही. सपाट पत्र्याची ती बॉडी गावातला कारागीरही घडवू शकतो. परंतु कारखान्यांच्या शेतकी खात्यांत आणि निवडणुकांच्या प्रचारात राबलेल्या जीपचे इंजिन बदलले नाही, टप बदलला नाही, असे उदाहरण विरळा. मारुती ८०० ही डिसेंबर १९८३ ची; तिला पन्नाशी गाठायला अजून अवधी आहे.

पन्नाशीचा हा उल्लेख सहज केलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च भागवू, हा पुष्कळांचा हिशेब तेथेच कोसळतो. दर गुरुवारी शिर्डीला जाण्याची इच्छा असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून घ्यावी लागेल, हरित कर भरावा लागेल, आणि श्रीरामपूरच्या ‘एमएच १७’ कार्यालयात गाडी नेऊन पासिंग करून घ्यावे लागेल. गाडी पाहण्यासाठी हवी की बसण्यासाठी, हे आधी ठरले पाहिजे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता कोठे पन्नास वर्षे ओलांडत आहेत. दोन्ही वाटा खुल्या असलेली ती गाडी आहे.

तेव्हा श्रीरामपूरच्या पगारदार माणसाने फियाटच निवडावी, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. अ‍ॅम्बॅसडर मजबुतीत उणी नाही. पण तिचे माहेर उत्तरपाड्याला, कलकत्त्याजवळ. या बाजूला राज्य होते ते फियाटचे, आणि त्याला मुंबईच्या टॅक्सीचा आधार होता. टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवसही उभी ठेवणे परवडत नसे, म्हणून तिचा प्रत्येक भाग कोणी ना कोणी बनवत होते आणि चोर बाजारात तो मिळत होता. हा आधार आता गेला आहे. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मागणी आटली की पुरवठा आटतो. जो साठा आहे तो पुरवून वापरायचा आहे.

साठ्यापेक्षाही वेगाने आटत आहेत ते हात. १९८० साली विशीत फियाटचे कार्ब्युरेटर उघडायला शिकलेला फिटर आज पासष्टीच्या पुढे आहे. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा हा माणूस आपले ज्ञान कोठेही लिहून ठेवत नाही, आणि संगणक जोडून दोष शोधणाऱ्या नव्या मुलाला त्याची गरजही भासत नाही. असा मिस्त्री ज्या गावात अजून कामाला बसतो, तेथे हौशी माणसाने पाच वर्षे विचार करण्यात घालवू नयेत.

घाई मात्र विसार देताना नको. नगर जिल्ह्याची हवा कोरडी, त्यामुळे येथे वाढलेल्या गाडीचा पत्रा मुंबईच्या खाऱ्या हवेतील गाडीपेक्षा बरा असतो. पण कालव्याच्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत वर्षानुवर्षे ओल धरून बसलेला असतो. गाडीखाली शिरून, पायाखालचा आणि दरवाजांच्या खालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा. आर. सी. बुकातील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी ताडावेत. मूळ इंजिन काढून डिझेल बसवलेले असेल तर व्हिंटेजचा विचार सोडावा. आणि हे सारे पाहायला मेव्हण्याला न नेता त्या पासष्टीच्या मिस्त्रीला न्यावे, त्याची दिवसाची मजुरी देऊन.