अंतर्गत नियंत्रण व अफरातफर : मूल्यमापनाचे शिक्षण

संस्थेतील अंतर्गत नियंत्रणाची व्यवस्था पारखण्यास व अफरातफरीची शक्यता कोठे आणि किती आहे हे ठरविण्यास हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविणारा अंकेक्षणाच्या अभ्यासक्रमाचा एक भाग. मालमत्ता सुरक्षित राहावी, हिशेब विश्वसनीय असावेत आणि कामकाज कार्यक्षमतेने व कायद्यानुसार चालावे, यांसाठी संस्थेचे संचालक व अधिकारी जी कार्यपद्धती ठरवितात, तिला ‘अंतर्गत नियंत्रण’ म्हणतात. व्यवहारास मंजुरी देणे, रोकड वा माल ताब्यात ठेवणे आणि हिशेब लिहिणे ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे सोपविणे, हे तिचे मूलतत्त्व होय.

अफरातफरीचा पद्धतशीर विचार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात राजकोशातील धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. इंग्लंडमध्ये लॉरेन्स डिक्सी यांच्या १८९२ मधील पाठ्यपुस्तकात अफरातफर शोधणे हे अंकेक्षणाच्या उद्दिष्टांपैकी एक मानले होते. पुढे कंपन्यांचे व्यवहार इतके वाढले, की प्रत्येक नोंद तपासणे अशक्य झाले. निवडक नोंदी तपासण्याची पद्धत रूढ झाली आणि अंतर्गत नियंत्रण कितपत भरवशाचे आहे, यावर तपासणीची व्याप्ती ठरू लागली. अमेरिकेतील मकेसन अँड रॉबिन्स या औषध-कंपनीच्या हिशेबांतील सु. १·९ कोटी डॉलरचा माल व येणे काल्पनिक असल्याचे १९३८ मध्ये उघडकीस आले. कागदपत्रे व्यवस्थित होती. मात्र गुदामात जाऊन माल कोणी पाहिला नव्हता. त्यानंतर मालाची प्रत्यक्ष पाहणी आणि ऋणकोंकडून येण्याची खातरजमा अंकेक्षकांना आवश्यक ठरली.

विद्यार्थ्यांना प्रथम अफरातफरीची कारणमीमांसा शिकवितात. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डॉनल्ड क्रेसी यांनी विश्वासघाताबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये तीन घटक मांडले : इतरांना सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाती असलेली संधी आणि स्वतःच्या मनाशी केलेले समर्थन. यांपैकी संधी हा घटक मुख्यतः नियंत्रणाच्या कक्षेत येतो. नियंत्रणाची चौकट म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला व २०१३ मध्ये सुधारलेला ‘कोसो’ आराखडा सर्वत्र अभ्यासला जातो. नियंत्रणाचे वातावरण, जोखमीचे मूल्यमापन, नियंत्रक कृती, माहिती व संज्ञापन आणि देखरेख हे त्याचे पाच घटक होत.

मूल्यमापन तीन टप्प्यांनी शिकविले जाते. प्रश्नावली, लेखी वर्णन व प्रवाह-आकृती यांच्या साहाय्याने व्यवस्था समजून घेणे, हा पहिला टप्पा होय. एखादा व्यवहार आरंभापासून खतावणीपर्यंत अनुसरून पाहणे हा दुसरा, तर ठरलेले नियंत्रण वर्षभर खरोखर पाळले गेले काय, याची नमुना-चाचणी घेणे हा तिसरा. उदा., रोखपालच ग्राहकांची खाती लिहीत असेल, तर एका ग्राहकाचे ५,००० रु. स्वतः ठेवून दुसऱ्याच्या भरण्यातून ते पहिल्याच्या खाती तो जमा दाखवू शकतो. बेरजा जुळतात, जमा मात्र उशिरा पडते. म्हणून पावतीची तारीख व खात्यातील जमेची तारीख ताडून पाहणे, ग्राहकांना परस्पर शिल्लक कळविणे आणि रोखपालास सक्तीची रजा देणे, हे उपाय विद्यार्थ्याला स्वतः सुचवता आले पाहिजेत. केवळ प्रश्नावलीवर खुणा करीत गेल्याने ही दृष्टी येत नाही.

प्रत्यक्ष प्रकरणांचा अभ्यास त्यासाठी उपयुक्त ठरतो. बेअरिंग्ज बँकेच्या सिंगापूर कचेरीत निक लीसन यांच्याकडे सौदे करणे व त्यांची नोंद ठेवणे ही दोन्ही कामे होती. त्यातून झालेल्या सु. ८३ कोटी पौंडांच्या तोट्याने ही जुनी बँक १९९५ मध्ये बुडाली. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २००९ मध्ये रोख व बँक शिलकेतील सु. ५,०४० कोटी रु. खोटे असल्याचे कबूल केले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतून दिलेल्या हमीपत्रांचे संदेश परदेशी बँकांना जात होते, परंतु बँकेच्या मुख्य संगणकीय हिशेबात त्यांची नोंद होत नव्हती; हे २०१८ मध्ये उघड झाले. दोन यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या नसणे, हा येथील दोष होता.

भारतात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेच्या अभ्यासक्रमात हा विषय अंतर्भूत असून उमेदवारीच्या काळात त्याला प्रत्यक्ष कामाची जोड मिळते. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये वित्तीय अहवालांशी संबंधित अंतर्गत नियंत्रणांविषयी मत देणे आणि आढळलेल्या अफरातफरीची माहिती विहित रीतीने कळविणे, ही जबाबदारी अंकेक्षकांवर आली. काही लहान खाजगी कंपन्यांना नियंत्रणविषयक मताच्या तरतुदीतून सूट आहे.

नियंत्रणास मर्यादा आहेत. दोघांनी संगनमत केल्यास कामाची विभागणी निष्फळ ठरते आणि वरिष्ठच नियम डावलू लागल्यास कनिष्ठांवरील बंधने अपुरी पडतात. संस्था लहान असल्यास पुरेसे कर्मचारीही नसतात. तेथे मालकाची वा संचालकांची प्रत्यक्ष देखरेख हाच उपाय उरतो. म्हणून पुराव्याविना कोणाच्याही सचोटीविषयी अनुकूल वा प्रतिकूल ग्रह न करण्याची वृत्ती विद्यार्थ्यांत बाणविणे, हे या शिक्षणाचे प्रमुख प्रयोजन मानले जाते. अंकेक्षकाच्या अहवालावर विसंबणाऱ्या ठेवीदारांचे व भागधारकांचे हित त्यावरच अवलंबून असते.