तालुक्याच्या कोर्टातला सरकारी वकील

उज्ज्वल निकम कोण, हे निलंग्यात कुणाला सांगावं लागत नाही. १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट, कसाबचा खटला, खैरलांजी, कोपर्डी आणि २०२५ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाचा खटला. सरकारी वकील म्हटलं की हाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. पण निकमांची सुरुवात झाली ती जळगावच्या जिल्हा न्यायालयात, रोजच्या मारामाऱ्या-चोऱ्यांच्या खटल्यांत. तिथली वर्षं कुणी फारशी आठवत नाही. कसाबनं बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असं त्यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, ते मात्र सगळ्यांना आठवतं. माझ्या मते सरकारी वकिलानं बोलावं ते न्यायाधीशांसमोर, कॅमेऱ्यासमोर नव्हे.

निलंगा तालुक्यातल्या माणसाचा संबंध अशा बड्या नावाशी येत नाही. बांधावरून डोकी फुटली, मोटार चोरीला गेली, सुनेचा छळ झाला, तर दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात फिर्यादी पक्षाची बाजू मांडतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, लोकांच्या तोंडी नुसता ‘एपीपी’. तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. खून-बलात्काराचे खटले सत्र न्यायालयात चालतात. तिथला सरकारी वकील किमान सात वर्षं वकिली केलेल्यांतून शासन नेमतं. निकमांसारख्या विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची अट आहे.

एपीपी पोलिसांचा माणूस, हा समज अगदीच निराधार नाही. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आल्यानंतरही महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्याच अखत्यारीत होते. तपास करणारा आणि तो तपास कोर्टात तोलणारा एकाच साहेबाच्या हाताखाली! शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून मोकळं करून वेगळा विभाग उभारायला सांगितलं. सरकारी वकिलाचं काम आरोपीला कसंही करून शिक्षा लावणं हे नाही. पुरावा खरा असेल तेवढा कोर्टापुढे ठेवायचा, हे त्याचं काम.

आणि तिथंच खरी ओढाताण असते. दोषारोपपत्र हाती येतं तेव्हा घटनेला महिने लोटलेले असतात. तारखेला पंच पुण्याला कामाला नाहीतर ऊसतोडीला गेलेला. समन्स बजावणारा पैरवीचा पोलीस एकटा. त्यात साक्षीदार आणि आरोपी एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीचे. मग साक्षीदार फितूर होतो. ‘मी काही पाहिलं नाही’ एवढं एक वाक्य, आणि खटला बसतो. आपण लगेच म्हणतो, वकील विकला गेला. तसं कुठं घडतही असेल. पण बहुतेक वेळा खटला कोर्टात नव्हे, गावातच हरलेला असतो.

साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर प्रत्येक राज्यानं अशी योजना करावी असं कलमच आहे. संरक्षणासाठी अर्ज करता येतो, हे खेड्यात फार थोड्यांना ठाऊक असतं.

म्हणून वाचकहो, एवढं कराच. साक्षीचं समन्स आलं तर तारखेच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, आपला जबाब पुन्हा वाचून घ्या. धमकी आली तर ती लपवू नका, त्यांना सांगा. पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. कोर्टाकडे तशी परवानगी मागा.