उशी खाणारं गाव

युरोप ट्रिप म्हटलं की प्राग ठरलेलंच. पण त्याच चेक देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेस्किडी डोंगरांच्या पायथ्याशी, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं श्ट्रामबेर्क नावाचं एक गाव आहे. तिथली माणसं कान खातात, समोरचा डोंगरही गेली सव्वाशे-दीडशे वर्षं खातायत. आणि जे उरलंय, ते मात्र जिवापाड जपतात.

‘या वीकेंडला ये. उशी खायला जाऊ.’

ऑस्ट्राव्हाहून मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा वाटलं, दोन वर्षं तिकडच्या आयटी कंपनीत राहून हिचं मराठी पार बिघडलं. एका असाइनमेंटसाठी मी प्रागमध्ये होते आणि चार दिवस हाताशी होते. चार्ल्स ब्रिज बघून झाला होता, गर्दीतून वाट काढायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, चला, उशी तर उशी!

तीन-साडेतीन तासांच्या ट्रेन प्रवासानंतर ऑस्ट्राव्हाला उतरले, तेव्हा उलगडा झाला. चेक भाषेत ‘उशी’ म्हणजे कान. आणि ‘श्ट्रामबेर्कचे कान’ म्हणजे मध आणि मसाले घातलेलं, कोनासारखं वळलेलं एक बिस्किट. आख्ख्या जगात ते या नावाने फक्त एकाच गावात बनतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावाच्या वाटेला लागलो.

एका रुळावर तीन गावं

स्टुडेन्का नावाच्या जंक्शनवर मोठी गाडी सोडायची आणि डोंगराकडे जाणारी छोटी पॅसेंजर पकडायची. या गाडीत बसलात की मोबाइल बॅगेत टाका. कारण पुढची तीन स्टेशनं बघण्यासारखी आहेत.

पहिलं प्रशीबोर. झाडीतून डोकावणारं चर्चचं टोक, उतरती लाल छपरं, एवढंच दिसतं. पण ६ मे १८५६ रोजी इथे सिग्मंड फ्रॉइड जन्मला. तेव्हा गावाचं जर्मन नाव होतं फ्रायबर्ग. तो जेमतेम तीन वर्षांचा असताना घरच्यांनी गाव सोडलं. त्याचं जन्मघर २००६ साली, त्याच्या दीडशेव्या जयंतीला म्युझियम म्हणून उघडलं. जगभरच्या लोकांच्या बालपणीच्या आठवणी उकरून काढणाऱ्या माणसाचं बालपण हे असं शांत गावात गेलं होतं तर!

दुसरं कोप्रशिव्नित्से. नाव उच्चारताना जीभ अडखळेल, पण इथला माल तुम्ही दर २६ जानेवारीला टीव्हीवर बघता. परेडमध्ये ‘पिनाक’ रॉकेट लाँचर ज्या अवजड ट्रकवर बसवलेलं असतं, तो ट्रक मूळचा या गावचा टाट्रा. (टाटा नव्हे, टाट्रा!) बीईएमएल या आपल्या सरकारी कंपनीने १९८६ पासून ते भारतात बनवायला घेतले. इथल्या कारखान्यातून १८९७ साली ‘प्रेसिडेंट’ नावाची मोटार बाहेर पडली होती. मध्य युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या मोटारींपैकी ती एक. याच गावात १९२२ साली एमिल झाटोपेक जन्मला. हेलसिंकीच्या १९५२च्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यतींचं सुवर्ण एकट्याने नेणारा तोच तो धावपटू.

आणि तिसरं आमचं. स्टेशनवरून मान वर केली की टेकडीवर एक गोल दगडी बुरूज दिसतो, डोक्यावर लाकडी टोपी घातल्यासारखा. गावकरी त्याला ‘त्रूबा’ म्हणतात, म्हणजे नळकांडं. त्याच्या पायथ्याला उतारावर लाकडी घरं एकमेकांना खेटून बसलीयत. आडवे ओंडके रचून बांधलेली, खाली दगडी जोतं, खिडकीत लाल फुलं. डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्या व्हलाख लोकांची ही घरं बांधायची पद्धत. या गावाला ‘मोरेव्हियाचं बेथलेहेम’ का म्हणतात, ते चौकात पोचायच्या आधीच कळतं.

कापलेले कान आणि गोड बिस्किट

आता कानांची गोष्ट. १२४१ साली मंगोल फौजा पोलंडमार्गे मोरेव्हियात शिरल्या, हा इतिहास आहे. पुढची दंतकथा. आसपासची माणसं जीव वाचवायला इथल्या कोतौच डोंगरावर चढली. खाली मंगोलांचा तळ पडला. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या रात्री वादळ झालं, लोकांनी तळ्याचा बांध फोडला आणि तळ वाहून गेला. पाणी ओसरल्यावर तिथे पोती सापडली. त्यात मिठात घातलेले माणसांचे कान होते. किती मारले याचा हिशेब खानाला दाखवण्यासाठी कापलेले! त्याची आठवण म्हणून गावाने कानाच्या आकाराचं बिस्किट भाजायला सुरुवात केली.

ऐकून अंगावर काटा येतो ना? पण थोडं गणित करा. श्ट्रामबेर्कला गाव म्हणून सनद मिळाली १३५९ साली, मोरेव्हियाचा राजपुत्र यान यिंद्रिख याच्याकडून. म्हणजे मंगोल येऊन गेल्यावर ११८ वर्षांनी. शिवाय पोत्यांत भरलेल्या कानांची गोष्ट पोलंडमधल्या लेग्नित्साच्या लढाईबद्दलही सांगितली जाते, आणि ती लढाईही १२४१चीच. पुढे १६२४ ते १७७३ हे गाव जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी कोतौचवरची यात्रा वाढवली आणि गोष्टही त्या यात्रेबरोबर वाढली. पण गावात कुणाशी यावर वाद घालायला जाऊ नका. दंतकथा खरी की खोटी यापेक्षा ती आपली आहे, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं.

‘श्ट्रामबेर्कचे कान’ या नावाला २००७ साली युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्या गावच्या बेकरीने हुबेहूब तसंच बिस्किट केलं, तरी तिला हे नाव वापरता येत नाही.

दहा सेकंदांचा खेळ

चौकाला लागूनच्या गल्लीत एक छोटी बेकरी दिसली. दारातच दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल यांचा घमघमाट. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, आईने मसाला भाजायला घेतलाय! आत तिशीतली एक मुलगी एकटीच काम करत होती. पातळ गोल चकत्या भट्टीतून बाहेर आल्या की ती चटकन एक उचलायची, बोटांनी कोन वळायची आणि साच्यात खोचायची. चकती गार झाली की मोडते, त्यामुळे हातात जेमतेम दहा सेकंद. तिची बोटं लालबुंद झाली होती. ‘भाजत नाही का?’ असं मैत्रिणीने चेकमध्ये विचारलं, तर हसून म्हणाली, पहिली पाच वर्षं भाजतं.

मग ती बोलती झाली. बर्नोला शिकली, तिथेच एका ऑफिसात चार वर्षं नोकरी केली. पगार चांगला, फ्लॅट चांगला. आजीचे हात थरथरायला लागले तेव्हा भट्टी बंद करायचं घरात ठरत होतं. ही सुट्टीवर आली आणि राहिली. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली प्रागला किंवा बर्नोला आहेत. उन्हाळ्यात टुरिस्टांमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि जानेवारीत दिवसदिवस कुणी फिरकत नाही. परत आल्याचा पश्चात्ताप होतो का? तिने खांदे उडवले. जानेवारीत होतो, म्हणाली.

क्रीम भरलेला कान आम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. आधी कुरकुरीत, मग मधामुळे किंचित चिवट, मागाहून लवंगेचा झटका. मस्त! तिचे वडील काय करतात, असं सहज विचारलं. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर कोतौच होता.

डोंगराची वजाबाकी

कोतौच नीट बघायचा तर त्रूबावर चढावं लागतं. १६६ पायऱ्या. मूळचं छप्पर गेल्यावर हा बुरूज कितीतरी वर्षं उघडाच होता. डोक्यावरची लाकडी टोपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, कामिल हिल्बर्ट या आर्किटेक्टने केलेली. प्रागच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलचं अपुरं काम पुढे नेणारा हाच तो हिल्बर्ट. गावातले डॉक्टर आडोल्फ हर्स्त्का आणि त्यांचा पर्यटक क्लब यांनी पाठपुरावा केला नसता, तर टोपीच काय, बुरूजही राहिला असता की नाही कुणास ठाऊक.

वर पोचलं की एका बाजूला बेस्किडी डोंगरांच्या निळ्या रांगा, त्यात ११२९ मीटरचा राडहोश्त. दुसऱ्या बाजूला कोतौच, आणि त्याच्या अंगावर पांढरीफटक, पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड खाण. डोंगराचा अर्धा देह कुणीतरी चमच्याने काढून नेल्यासारखा.

हा चुनखडीचा डोंगर म्हणजे जवळजवळ चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातला प्रवाळाचा खडक. दगडात शंख-शिंपल्यांचे जीवाश्म खच्चून भरलेत. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ ‘श्ट्रामबेर्क चुनखडी’ याच नावाने हा दगड ओळखतात. १८८०च्या दशकात ऑस्ट्राव्हाच्या व्हित्कोवित्से पोलाद कारखान्याला भट्टीसाठी चुनखडी हवी होती, आणि डोंगर फुटायला लागला. त्या कारखान्याच्या झोतभट्ट्या १९९८ मध्ये विझल्या. तिथे आता कॉन्सर्ट्स होतात. खाण मात्र सुरूच आहे.

बेकरीतल्या त्या मुलीचे वडील आणि आजोबा दोघंही याच खाणीत. तिची बर्नोची फी याच डोंगरातून निघाली. लहानपणी सुरुंगाचा आवाज झाला की घरातल्या कपबशा वाजायच्या आणि आई म्हणायची, चला, बाबांचं काम चाललंय. तिला डोंगर गेल्याचं वाईट वाटतं का? वाटतं, म्हणाली, पण डोंगर खाल्ला म्हणूनच आम्ही जेवलो. यावर आम्ही दोघी गप्पच बसलो. टुरिस्ट म्हणून येऊन ‘काय हे, निसर्गाची वाट लावली’ असं म्हणणं फार सोपं असतं.

एक गुहा गेली, एक राहिली

पण किती खायचं आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न या गावाला पडला होता. कोतौचमध्ये दोन नावाजलेल्या गुहा होत्या. त्यातली ‘चेर्तोवा दीरा’, म्हणजे सैतानाचं भोक, खाणीने गिळली. आज ती जागाच शिल्लक नाही. दुसरी, ‘शिप्का’, वाचली.

शिप्कात १८८० साली कारेल यारोस्लाव मश्का या शिक्षकाला जबड्याचा एक तुकडा सापडला. निअँडरथल माणसाच्या लहान मुलाचा! बर्लिनचे दिग्गज डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्कोव्ह म्हणाले, छे, हा कुणा आजारी प्रौढाचा जबडा. मोठा वाद झाला. शेवटी बरोबर निघाला तो मश्काच. निअँडरथल मुळात वेगळी माणसं होती की नुसती आजारी, यावर तेव्हा युरोपभर भांडणं चालली होती. त्यात हा इवलासा तुकडा मोलाचा ठरला.

आज गुहेभोवती झाडीतून पायवाटा आहेत. डॉ. हर्स्त्कांच्या पुढाकाराने झालेली ही बाग. गुहेच्या गार तोंडाशी उभं राहून मी त्या आठ-दहा वर्षांच्या पोराचा विचार करत होते. इथेच शेकोटी पेटत असेल, बाहेर मॅमथ, अस्वलं आणि सिंह. हे चित्र डोळ्यांसमोर आणायला एका माणसाने फार मदत केलीय. झ्देनेक बुरियान. आदिमानव आणि डायनोसॉर यांची त्याने काढलेली चित्रं जगभरच्या पुस्तकांत छापली गेली. जन्म १९०५चा, कोप्रशिव्नित्सेचा, पण लहानपण गेलं श्ट्रामबेर्कला. गावात त्याचं म्युझियम आहे, चुकवू नका.

पाहुणा परत आला

मला सगळ्यात आवडली ती गोष्ट अपोलोची. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हे मोठं फुलपाखरू पूर्वी इथे भरपूर होतं. त्याच्या अळ्या उन्हात तापलेल्या उघड्या खडकावर वाढणारं सेडम नावाचं मांसल पानांचं झुडूप खातात. पूर्वी गावकऱ्यांच्या शेळ्या हे उतार साफ ठेवायच्या. शेळ्या गेल्या, झाडी वाढली, सेडम सावलीत गुदमरलं आणि अपोलो नाहीसं झालं.

१९८६ साली इथल्या निसर्गप्रेमींनी बाहेरून आणलेली अपोलो पुन्हा सोडायला सुरुवात केली. आणि ती कुठे रमली माहितीय? जुन्या, बंद पडलेल्या खाणींमध्ये! माणसाने उघडा केलेला तो पांढरा खडकच त्यांना हवा होता. अर्थात नुसतं सोडून भागत नाही. झुडपं वाढू नयेत म्हणून आता तिथे मुद्दाम शेळ्या-मेंढ्या चारतात. हे काम कुणीतरी दर वर्षी करायचं असतं. एक वर्ष कंटाळा केला की सेडम परत झाकलं जाणार.

मला वाटतं, श्ट्रामबेर्कचं खरं वेगळेपण इथे आहे. बुरूज, गुहा, बिस्किट, फुलपाखरू, यातलं काहीच आपोआप टिकलेलं नाही. प्रत्येकामागे कुणीतरी चिकटपणे उभं राहिलंय. कधी डॉक्टर, कधी शिक्षक, कधी फुलपाखरांमागे धावणारे वेडे. आणि आज बोटं भाजून घेणारी, जानेवारीत हमखास पस्तावणारी एक मुलगी.

जायचंय? हे लक्षात ठेवा

कसं जाल : प्राग ते ऑस्ट्राव्हा ट्रेन, मग स्टुडेन्काला गाडी बदलून श्ट्रामबेर्क. चेक रिपब्लिक २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. चलन मात्र युरो नाही, चेक कोरुना. थोडे सुटे जवळ ठेवा.

कधी : मे ते सप्टेंबर बेस्ट. अपोलो बघायचं तर जून-जुलैतली उन्हाची दुपार गाठा. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणाला कोतौचची यात्रा असते, तेव्हा गाव गजबजतं.

काय घालाल : गल्ल्या दगडी आणि चढाच्या आहेत. हिल्स हॉटेलवर, पायात स्पोर्ट्स शूज!

आणखी एक दिवस असेल तर : रोझ्नोवचं लाकडी घरांचं खुलं म्युझियम गाठा. यारोन्येक भावंडांनी ते १९२५ साली सुरू केलं. किंवा संगीतकार लिओश यानाचेकचं जन्मगाव हुकवाल्डी.

काय आणाल : कानांची पाकिटं. टिकतात चांगली, फक्त सामानात वरच्या बाजूला ठेवा. आणि ऑफिसात वाटताना आधी खायला द्या, गोष्ट नंतर सांगा.