वय वाढते, कामाचे काय होते?

दिवाळीनंतर सेलूच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, की तीन पिढ्यांची माणसे एकाच ढिगाभोवती काम करताना दिसतात. एका हंगामात आम्ही तेथे एक सकाळ काढली. गाड्या रिकाम्या करणारे हमाल बहुतेक पंचविशी-तिशीतले होते. संगणकावर पावत्या करणारा मुलगा विशीतला होता. कापसाची प्रत ठरवणारे गृहस्थ मात्र सत्तरीला टेकलेले. ते ढिगात खोल हात घालून चिमूटभर कापूस काढत, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूच ओढत, तंतू किती लांब सुटतो ते पाहत आणि भाव बोलत. "काका, एवढ्यात कसे कळते?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "बोटं सांगतेत की, साहेब. हिशोबाचं मात्र या पोराला विचारा. माझी बेरीज आता मधीच हुकते."

काकांनी अगदी सहज एक मोठा प्रश्न आमच्यापुढे ठेवला होता. वय वाढले की बुद्धी मंदावते का? मंदावत असेल तर कामही कमी होते का? आणि ज्या देशात म्हाताऱ्यांची संख्या वाढत जाते, तो देश गरीब होत जातो का? या तीन प्रश्नांचे उत्तर सरसकट 'हो' असे दिले जाते. ते कितपत बरोबर आहे ते पाहू.

दोन प्रकारची बुद्धी

रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात बुद्धीचे दोन भाग सुचवले. पुढे जॉन हॉर्न यांच्यासह त्यांनी ही कल्पना तपासली. पहिला भाग म्हणजे प्रवाही बुद्धी: नवे कोडे सोडवणे, आकडे मनात धरून उलटसुलट करणे, झटपट प्रतिसाद देणे. दुसरा भाग म्हणजे साठलेली बुद्धी: शब्दसंग्रह, धंद्याची जाण, माणसांची पारख. प्रवाही बुद्धी तरुणपणी सर्वांत तल्लख असते आणि नंतर हळूहळू उतरते. साठलेली बुद्धी पन्नाशी-साठीपर्यंत वाढत किंवा टिकून राहते. काकांची बेरीज हुकते आणि बोटे हुकत नाहीत, त्याचे कारण हे आहे.

आता एक फसगत पाहू. वीस वर्षांच्या शंभर जणांची आणि सत्तर वर्षांच्या शंभर जणांची एकाच दिवशी चाचणी घेतली, तर म्हातारे बरेच मागे दिसतात. पण हा फरक सगळा वयाचा आहे काय? त्या म्हाताऱ्यांना लहानपणी शाळा कमी मिळाली असेल, आहार निकृष्ट मिळाला असेल. वॉर्नर शाई यांनी अमेरिकेतील सिॲटल येथे १९५६ पासून त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी चाचणी घेतली. तेव्हा दिसले की बहुतेक क्षमतांमधील ठळक घसरण साठीनंतर सुरू होते, आणि माणसामाणसांत फार फरक असतो. पहिल्या पद्धतीत वयाच्या खात्यावर जे मांडले जात होते, त्यातले बरेच पिढीच्या खात्यावर मांडायला हवे होते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

काम कमी होते का?

टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये तरुण आणि वयस्क टंकलेखकांची तुलना केली. नुसते बोट आपटण्याचा वेग आणि दिवा लागताच कळ दाबण्याचा वेग वयाबरोबर कमी झालेला होता. पण टंकलेखनाचा वेग मात्र कमी झालेला नव्हता! हे कसे? अनुभवी टंकलेखकांची नजर कागदावर अधिक पुढची अक्षरे वाचत होती, त्यामुळे बोटांना तयारीला जास्त वेळ मिळत होता. जे हाताने गमावले ते नजरेने भरून काढले.

जर्मनीतील एका ट्रक जुळवणीच्या कारखान्यात ॲक्सेल ब्यर्श-झुपान आणि मथियास वाइस यांनी कामगारांच्या चुकांच्या नोंदी तपासल्या. साठीपर्यंत उत्पादकता घसरल्याचे आढळले नाही. वयस्क कामगार गंभीर चुका टाळण्यात तरबेज होते. जर्मनीतल्याच डिंगोलफिंग येथील मोटारीच्या कारखान्यात २००७ मध्ये एका जुळवणी-ओळीवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले. लाकडी जमीन, उंची बदलणाऱ्या खुर्च्या आणि भिंगे अशा सुमारे ७० लहानसहान सुधारणा केल्या. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

अर्थात हमालाला हे लागू नाही. गोणी उचलण्यात गेलेली ताकद अनुभवाने भरून निघत नाही. म्हणजे वयाचा परिणाम काय होईल हे काम कोणते आहे, अवजारे कशी आहेत आणि माणसाजवळ साठा कशाचा आहे, यावर ठरते.

गावाचे गणित

आता देशाकडे वळू. समजा, एका गावात १०० माणसे आहेत. त्यांतील ६० काम करतात आणि प्रत्येक जण १०० रुपयांचे उत्पादन करतो. एकूण ६,००० रुपये झाले, म्हणजे दरडोई ६०. पुढे म्हातारे वाढले आणि काम करणारे ५० उरले. उत्पादन ५,००० झाले, दरडोई ५०. पूर्वीची पातळी राखायची तर प्रत्येक कामकऱ्याने १०० ऐवजी १२० चे उत्पादन केले पाहिजे. आर्थिक वाढीत वृद्धत्वाची जी भीती वाटते ती हीच.

हे गणित आपल्यापासून दूर नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. पिढी तेवढीच राहण्यासाठी २.१ लागतात. तेव्हा वर्गातली पटसंख्या घटणे आणि गावातले म्हातारे वाढणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

मग ते जादा २० रुपये कोठून येणार? चांगली अवजारे, सिंचन, आरोग्य, आणि कामकऱ्याची समज. शेवटच्या गोष्टीविषयी २०१२ मध्ये वेगार्ड स्किर्बेक आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा हिशोब मांडला. देश किती म्हातारा हे जन्मतारखेवरून न ठरवता त्यांनी स्मरणाच्या चाचणीवरून ठरवले. काही शब्द ऐकवायचे आणि किती आठवतात ते मोजायचे. उत्तर युरोप आणि अमेरिकेत वृद्धांचे प्रमाण भारतापेक्षा किती तरी जास्त. पण तेथील पन्नाशीपुढची माणसे या चाचणीत भारतातील त्याच वयाच्या माणसांपेक्षा सरस ठरली. या मापाने वृद्धत्वाचे ओझे तरुण भारतावरच अधिक दिसले!

फरक कोठे पडला?

हा वंशाचा किंवा हवेचा दोष नव्हे. शाई यांचा धडा येथे उपयोगी पडतो. १९५१ च्या जनगणनेत, ज्यात मराठवाडा मोडत होता त्या हैदराबाद राज्यात, शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती. पुढे शाळा वाढल्या, पण १९७२ चा दुष्काळ आला. मोठी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज साठीपुढे आहेत. त्यांतल्या किती जणांचे दप्तर त्या वर्षी कायमचे खुंटीला लागले, ते तुमच्या गावातल्या आजी-आजोबांना विचारून पाहा. आज ज्याला आपण म्हातारपणाचा विसरभोळेपणा म्हणतो, त्यातला काही भाग त्या न भरलेल्या वर्गाचा आहे.

कोणी म्हणेल, मुळात हुशार मुलेच जास्त शिकतात, मग शाळेचे श्रेय काय? शंका रास्त आहे. युरोपातील काही देशांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सक्तीच्या शिक्षणाची वर्षे वाढवली. कायद्याच्या जरा आधी जन्मलेली मुले सुटली, जरा नंतर जन्मलेली शाळेत राहिली. दोघांच्या हुशारीत फरक असण्याचे कारण नव्हते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या अभ्यासात, जास्त शाळा मिळालेल्यांची स्मरणशक्ती चार दशकांनंतरही उजवी आढळली.

उतारवयातही करण्यासारखे पुष्कळ आहे. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये १४ धोके सांगितले. ते दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण आहे, तसेच कमी ऐकू येणे, उपचार न केलेला दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणाही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र हे नुसते दयेचे काम नव्हे. तो गावाच्या उत्पन्नाचाही प्रश्न आहे.

वर्गात करून पाहा

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने पंचेचाळीस वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. तीत वापरलेल्या काही चाचण्या घरी करता येतात. दहा साधे शब्द सावकाश वाचून दाखवायचे आणि लगेच किती आठवतात ते मोजायचे. एका मिनिटात किती प्राण्यांची नावे येतात ते पाहायचे. शंभरातून सात-सात वजा करत जायचे. मुलांनी या चाचण्या स्वतःवर, आई-वडिलांवर आणि आजी-आजोबांवर कराव्यात. पण सोबत आणखी एक चाचणी मुलांनीच तयार करावी: पिकांच्या जाती, पावसाची नक्षत्रे, म्हणींचे अर्थ. दोन्ही आलेख शेजारी काढले की प्रवाही आणि साठलेली बुद्धी फळ्यावर दिसेल. प्रत्येकाच्या नावापुढे वयाबरोबर शाळेची वर्षेही लिहावीत. फक्त एक काळजी घ्यावी. ही परीक्षा नव्हे, येथे कोणी नापास होत नाही. आजीला नीट ऐकू येते ना, हे आधी पाहावे.

निघताना आम्ही सेलूच्या त्या काकांना त्यांची शाळा विचारली. "चौथी," ते म्हणाले, "पुढं कोण घालतंय?" त्यांच्या बोटांतले ज्ञान मोठे होते, पण ते त्यांना कागदावर उतरवता येत नव्हते आणि शेजारच्या मुलाला ते घ्यायला सवड नव्हती. आज तुमच्यासमोर चौथीत बसलेली मुले २०७५ च्या सुमारास साठी गाठतील. त्या वर्षीचा महाराष्ट्र किती म्हातारा असेल, हे पुष्कळसे त्यांच्या जन्मतारखांनी ठरून गेले आहे. तो किती थकलेला असेल, हे मात्र अजून ठरायचे आहे, आणि त्यातला काही वाटा उद्या सकाळी तुमच्या हजेरीपटावर आहे.