जास्त शोषतो, म्हणून चांगला?

सप्टेंबर १९८० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘रिलाय’ हा टॅम्पॉन अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतला. त्यात पॉलिएस्टरच्या फेसाचे बारीक तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज होतं. हे मिश्रण इतकं शोषायचं की टॅम्पॉन बदलायची घाई नसे. हीच सोय अंगाशी आली. ऐन पाळीत धडधाकट मुलींना सणकून ताप येऊ लागला, उलट्या होऊ लागल्या, रक्तदाब कोसळू लागला. काही जणी दगावल्या.

या आजाराला ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हे नाव १९७८ मध्येच मिळालं होतं. डेन्व्हरच्या डॉ. जेम्स टॉड यांनी नोंदवलेल्या पहिल्या सात रुग्णांत मुलगेही होते! खरा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू. तो कित्येकांच्या नाकात बिनबोभाट राहतो, काही स्त्रियांच्या योनीतही. तिथे एरवी ऑक्सिजन जेमतेम असतो. टॅम्पॉनच्या धाग्यांत अडकलेली हवा तो पुरवते आणि जिवाणूला विष बनवायला मोकळं रान मिळतं. ते रक्तात उतरलं की रोगप्रतिकारक पेशी एकदम मोठ्या संख्येने बिथरतात. बहुतेक प्रौढांत या विषाविरुद्धची प्रतिपिंडं असतात, म्हणून आजार दुर्मीळ. कोवळ्या वयात मात्र ती नसण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेत १९९० पासून शोषणक्षमता ग्रॅममध्ये ठरलेली आहे: ‘रेग्युलर’ ६ ते ९, ‘सुपर’ ९ ते १२. आपल्याकडे दुकानात ‘सुपर’ म्हणजे सरस असा समज सहज होतो. पण चार-पाच तासांनी काढताना टॅम्पॉन कोरडा असेल, ओढून काढावा लागत असेल, तर तो तुमच्या स्रावाच्या मानाने मोठा आहे, खालचा घ्या. चार ते आठ तासांत बदलायचाच. रात्री झोप लांबणार असेल तर सरळ पॅड बरा. हात धुवायचे ते घालण्याआधीही. पाळी नसताना, नुसतं पांढरं जातंय म्हणून तो वापरू नये.

टॅम्पॉन असताना ताप, जुलाब, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखी लाली दिसली, तर तो लगेच काढून तातडीने रुग्णालय गाठा आणि टॅम्पॉन वापरत होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लाजेपायी हेच नेमकं सांगायचं राहतं. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. कपामुळेही असे मोजके रुग्ण आढळले आहेत.