पादुआची औषधी बाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हिरवळ, कारंजं, मुलांची घसरगुंडी आणि फाटकाबाहेरची भेळेची गाडी. वनस्पती उद्यान म्हणजे यात झाडांवर लॅटिन नावांच्या पाट्या तेवढ्या जास्त, असं पुष्कळांना वाटतं. मी अनेक वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर वर्षी एखादा विद्यार्थी मला विचारायचाच, "सर, रानात एवढी झाडं फुकट उगवतात, मग विद्यापीठं बागेवर पैसे का घालतात?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र थोडं मागे जाऊन शोधावं लागतं. म्हणून आज मी तुम्हाला इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या बागेची गोष्ट सांगणार आहे. पहिल्यापासून एकाच जागी टिकून राहिलेली ही जगातली सर्वांत जुनी विद्यापीठीय वनस्पती बाग आहे.

पादुआ हे व्हेनिसपासून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. तिथलं विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओनं तिथे १५९२ पासून १८ वर्षं शिकवलं. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी १६०२ मध्ये तिथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडला. वैद्यक शिकायचं तर पादुआला जावं, अशी त्या काळी युरोपभर ख्याती होती.

आता वैद्यक म्हणजे काय, तर मुख्यतः झाडपाला. मुळं, साली, बिया, डिंक. एकेका द्रव्याला तिकडे 'सिंपल' म्हणत, म्हणजे साधं, न मिसळलेलं औषध. ही द्रव्यं ओळखायची कशी, हा खरा पेच होता. वैद्यांचा मुख्य आधार होता डायस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचा ग्रंथ. तो पहिल्या शतकातला. दीड हजार वर्षं त्याच्या नकला होत राहिल्या आणि नकलेची नकल करताना चित्रंही बदलत गेली. त्यातली कितीतरी झाडं पूर्व भूमध्य प्रदेशातली. इटलीतल्या वैद्यानं ती जिवंत पाहिलेलीच नसत. शिवाय व्हेनिस हे व्यापाराचं बंदर. दूरदेशची मुळं-साली पोत्यांत भरून यायची. वाळलेलं मूळ एकदा पोत्यात पडलं की ते खरं की खोटं, हे सांगणं जाणकारालाही अवघड. व्यापारी भेसळ करत, औषधविक्रे फसत आणि रोगी मरत.

फ्रान्चेस्को बोनाफेदे नावाचे प्राध्यापक पादुआत १५३३ पासून औषधी द्रव्यांचा विषय शिकवत होते. नुसत्या पुस्तकावरून हा विषय शिकवता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. विद्यार्थ्याला झाड रोपावस्थेत, फुलावर आणि बियांवर आलेलं असं तिन्ही वेळा दिसलं पाहिजे. त्यांच्या आग्रहावरून व्हेनिसच्या सिनेटनं १५४५ च्या जूनमध्ये बागेला मंजुरी दिली. जागा मिळाली ती बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाची. लुईजी स्क्वालेर्मो, ज्यांना अंग्विलारा म्हणत, ते या बागेचे पहिले प्रमुख झाले.

बागेचा आराखडा आजही तसाच आहे. सुमारे ८४ मीटर व्यासाचं एक वर्तुळ, त्याच्या आत चौकोन, चौकोनाचे चार भाग आणि त्यांत दगडी कडांचे छोटे छोटे वाफे. हे वाफे केवळ शोभेसाठी नव्हते. एका वाफ्यात एकच वनस्पती लावायची, म्हणजे नाव आणि झाड यांचा घोळ होत नाही. बाग सुरू झाली आणि लगेच चोऱ्या सुरू झाल्या! औषधी झाडं मोलाची होती ना. दंड, तुरुंगवास, अगदी हद्दपारीपर्यंतच्या शिक्षा जाहीर झाल्या आणि १५५२ मध्ये बागेभोवती गोल भिंत उभी राहिली. ती भिंतही अजून उभी आहे.

हळूहळू औषधांखेरीज नवी झाडंही तिथे येऊ लागली. लायलॅक, सूर्यफूल आणि बटाटा ही इटलीत प्रथम याच बागेत लावली गेली, अशी बागेच्या इतिहासात नोंद आहे. पुढे बागेचे प्रमुख झालेले प्रॉस्पेरो अल्पिनी त्याआधी इजिप्तमध्ये वैद्य म्हणून राहिले होते. इजिप्तच्या वनस्पतींवर त्यांनी १५९२ मध्ये पुस्तक छापलं. कॉफीच्या झाडाची माहिती युरोपला देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक.

याच सुमाराला आपल्या शेजारी गोव्यातही एक माणूस याच प्रश्नाशी झुंजत होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. हिंग, कापूर, दालचिनी, आंबा अशा अनेक वस्तूंवर त्यानं संवादरूपात ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. जुन्या ग्रंथांत काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्ष झाड कसं दिसतं आणि इथले वैद्य त्याला काय म्हणतात, हे तो पाहत होता. पादुआत बाग काढून जे साधायचं होतं, तेच इथे तो विचारपूस करून साधत होता.

मी ही बाग एकदाच पाहिली. तिथलं सर्वांत जुनं जिवंत झाड म्हणजे १५८५ मध्ये लावलेला एक भूमध्य प्रदेशातला पंखाताड. ही जात एरवी बुटकी, झुडपासारखी वाढते. पादुआच्या थंडीत हे झाड टिकावं म्हणून त्याच्याभोवती काचेचं अष्टकोनी घर बांधलं आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे इथे आला होता. याच ताडाची खालची साधी, भाल्यासारखी पानं वर वर जाताना कशी चिरत जातात आणि शेवटी त्यांचा पंखा कसा होतो, हे त्याला दिसलं. माळ्याकडून त्यानं या पानांचे नमुने कापून घेतले. एकाच पानातून रोपाचे सारे अवयव घडतात, असं सांगणारा त्याचा निबंध १७९० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून लोक या झाडाला 'गटेचा ताड' म्हणतात.

बाकीचे म्हातारेही पाहण्यासारखे आहेत. १६८० सालचा चिनाराचा वृक्ष आतून पोकळ झालाय, तरी उभा आहे. १७५० सालचा गिंको मूळचा नर. त्याच्यावर मादीच्या फांदीचं कलम केलं, कारण विद्यार्थ्यांना एकाच झाडावर दोन्ही दाखवता यावीत. १५५० च्या सुमाराचं निर्गुडीच्या जातीचं एक झाड मात्र १९८४ मध्ये वठलं. १९९७ मध्ये युनेस्कोनं या बागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१४ मध्ये शेजारी नवी काचघरं उघडली. त्यांत उष्ण दमट रानापासून कोरड्या वाळवंटापर्यंतच्या हवामानातली झाडं वाढवतात. आज बागेत साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत.

तुम्ही म्हणाल, पंधराशे पंचेचाळीसचा प्रश्न आता संपला असेल. तो संपलेला नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. काहींना पुढे कर्करोगही झाला. चौकशीत काय निघालं? गोळीत घालायच्या चिनी मुळाऐवजी दुसरंच मूळ आलं होतं. दोन्हींची चिनी नावं जवळजवळ सारखी. हे दुसरं मूळ आपल्याकडच्या सापसंद वेलीच्या जवळच्या नात्यातलं, आणि या वेलींत मूत्रपिंडाला घातक द्रव्य असतं. नाव एक आणि वस्तू दुसरी, एवढ्यावर सगळं घडलं.

आपल्या मसाल्याच्या डब्यातलंच उदाहरण घ्या. चक्रीफूल हे चीनकडचं. त्याचा जपानी भाऊबंद विषारी आहे, आणि वाळल्यावर दोघं इतके सारखे दिसतात की नुसत्या डोळ्यांनी फरक करणं कठीण. औषधांतही तेच. दुकानदाराकडे ब्राह्मी मागा. कुणी जाड, लांबट, छोट्या पानांची पाणथळ जागेतली वनस्पती देईल, तर कुणी गोलसर, दातेरी पानांची मंडूकपर्णी, म्हणजे कोकणातला कारिवणा. शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या प्रांतांत तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि त्यांतली एक तर आपली कुंपणावरची गोकर्ण आहे! वैद्य खोटं बोलतो असं नाही. नावं भटकत असतात. त्यांना एका जागी खुंटीला बांधून ठेवावं लागतं, आणि ती खुंटी म्हणजे विद्यापीठाची बाग.

म्हणून अशा बागेत रोपापेक्षा त्याची नोंद मोलाची. हे बी कुठून आणलं, कोणी आणलं, कोणत्या साली लावलं, हे वहीत असेल तरच शंभर वर्षांनी कुणाला ते तपासून पाहता येतं. नोंद हरवली की सगळ्यात दुर्मीळ झाडही नुसती सावली देणारं झाड होतं. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. कड्याकपारीतल्या या नाजूक वेलींची ओळखपाळख तिथे जिवंत राहते. असं काम करणाऱ्या बागेला जागा थोडी पुरते. गरज असते ती झाडं ओळखणाऱ्या शिक्षकाची, बदली न होणाऱ्या अनुभवी माळ्याची आणि नेमानं लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीची. विद्यापीठात नवी इमारत बांधायची वेळ आली की सगळ्यांचं लक्ष आधी बागेच्या जमिनीकडे जातं. तेव्हा पंधराव्या वाफ्यातली वनस्पती उपटून तिच्या जागी काय ठेवता येईल, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

तुमच्या गावाजवळ विद्यापीठाची किंवा महाविद्यालयाची बाग असेल, तर एकदा मुलांना घेऊन जा. झाडांवरच्या पाट्या वाचा, आणि एखादी पाटी पडलेली दिसली तर तिथल्या माळ्याला जरूर सांगा.